कासवाच्या वाटेवरचे गाव

त्रिनिदाद बेटाच्या ईशान्य टोकाला तोको नावाचे गाव आहे. तेथून पश्चिमेकडे वळणारा रस्ता एका हाताला डोंगर आणि दुसऱ्या हाताला समुद्र ठेवून सां सुसी, ग्रांद रिव्हिएर अशी लहान लहान गावे ओलांडीत मातलो येथे जाऊन संपतो. त्यापुढे ब्लांशिसेझपर्यंत रस्ताच नाही. नुसते रान आणि खडकाळ किनारा. राजधानी पोर्ट ऑफ स्पेनहून ग्रांद रिव्हिएरला मोटारीने अडीच-तीन तास लागतात. अंतर तसे फार नाही, पण व्हॅलेन्सियापासून पुढे वळणे इतकी, की पोटातले पाणी हलल्यावाचून राहत नाही.

कॅरिबियन म्हटले की आपल्याकडे जाहिरातीतले चित्र डोळ्यांपुढे येते : पिठासारखी पांढरी वाळू, काचेसारखे पाणी, आरामखुर्च्या, पेये. ग्रांद रिव्हिएरचा किनारा त्या चित्रात बसत नाही. वाळू जाडसर आणि तांबूस, लाटा दांडग्या, लांबी जेमतेम एक किलोमीटर. एका टोकाला डोंगरातून येणारी नदी समुद्राला मिळते आणि तिच्यावरूनच फ्रेंच मळेवाल्यांच्या भाषेत गावाचे नाव पडले. एके काळी येथे कोकोचे मळे होते. पुढे कोकोवर रोग पडला, भाव कोसळले, आणि मळ्यांत पुन्हा रान वाढले. आज गावात थोडी घरे, एक शाळा, चर्च, दोन-चार दुकाने आणि वाळूला लागून तीन-चार लहान विश्रामगृहे आहेत. दूरचित्रवाणीचा आवाज नाही, संगीताचा कर्णा नाही. हंगामात तर समुद्राकडच्या बाजूचे दिवेही रात्री मालवलेले असतात. ते का, हे पुढे येईलच.

अशा ठिकाणी मे महिन्याच्या अखेरीस सांगलीचे एक निवृत्त दांपत्य आपल्या मुलीबरोबर चार रात्री राहिले. मुलगी टोरांटोत नोकरी करते. आईवडील तीन महिन्यांसाठी तिच्याकडे गेले होते. वडिलांना घरात सगळे अण्णा म्हणतात. माध्यमिक शाळेत त्यांनी तीस वर्षे विज्ञान शिकवले. आई म्हणजे अक्का. बस्तीतल्या पाठशाळेत मुलांना शिकवण्यात त्यांचाही जवळजवळ तेवढाच काळ गेला.

अक्कांची या प्रवासाला मुळीच तयारी नव्हती. जेथे जिनमंदिर नाही, शुद्ध पाण्याची खात्री नाही, मासळीवर जगणारे गाव आहे, तेथे पैसे मोडून कशाला जायचे, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. मुलीने वाद घातला नाही. तिने एक छायाचित्र पुढे केले : वाळूवर पहुडलेले, माणसाहून लांब असे कासव.

“अक्का, हे बघ. मुनिसुव्रतनाथांचं लांछन. जगातलं सगळ्यांत मोठं समुद्री कासव हे. तिथे रात्री किनाऱ्यावर येतं.”

“लांछन बघायला एवढ्या लांब कशाला? पैठणला चल की,” अक्का म्हणाल्या. पण छायाचित्र त्यांनी बराच वेळ हातात धरून ठेवले. पैठणच्या अतिशय क्षेत्रात त्या लग्नानंतर पहिल्यांदा गेल्या होत्या, तेव्हा सासूबाईंनी त्यांना मूर्तीच्या पायथ्याचे कासव दाखवले होते.

निघताना त्यांच्या पिशवीत दोन भांडी, भाकरीचे पीठ, मेतकूट, आणि पाणी गाळायचे दुहेरी कापड होते. मुलगी हसली नाही, हे विशेष.

त्रिनिदादमध्ये एका गोष्टीने मात्र अक्का आल्या दिवशीच सुखावल्या. टोरांटोत त्या दिवसांत रात्री पावणेनऊपर्यंत उजेड असे आणि हिवाळ्यात म्हणे पावणेपाचलाच अंधार. सूर्यास्तापूर्वी जेवणाचा नियम पाळणाऱ्याला हे दोन्ही सारखेच अवघड. त्रिनिदाद विषुववृत्ताजवळचे बेट. वर्षभरात सूर्यास्ताच्या वेळेत पाऊण तासाच्या आसपासच फरक पडतो. सहा वाजता जेवून घेतले की झाले. “इथल्या लोकांना नियम किती सोपा गेला असता,” असे त्या म्हणाल्या.

विश्रामगृहाच्या स्वयंपाकघरातली बाई सांग्रे ग्रांदे भागातली, भारतीय वंशाची होती. १८४५ च्या ३० मे रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज मळ्यांवर राबायला करारबद्ध केलेले हिंदी मजूर घेऊन या बेटाला लागले. १९१७ पर्यंत अशी १ लाख ४० हजारांहून अधिक माणसे आली, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडची. भाषा तीन पिढ्यांत गेली, पण स्वयंपाकघरातले शब्द टिकले. भाजीला तेथे भाजीच म्हणतात, फोडणीला ‘चुंके’, जिऱ्याला ‘गीरा’, वांग्याच्या भरताला ‘बैगन चोका’. तव्यावरची साधी पोळी म्हणजे ‘सादा रोटी’. अळूची पाने तर आपल्या परसात असतात तशीच होती. त्यांचे ‘कालालू’ करतात, पण त्यात बहुधा खेकडा किंवा खारवलेले मांस पडते, म्हणून विचारल्यावाचून घेऊ नये.

मुलीने आपले पथ्य सांगितले. मांस नाही, मासे नाहीत, अंडे नाही, कांदा-लसूण नाही, बटाटा नाही. बाई ऐकत राहिली. त्रिनिदादमधले हिंदू पूजेच्या आधी काही दिवस मांसाहार सोडतात आणि त्याला उपवास म्हणतात. तिने त्याच अर्थाने विचारले, “उपवास किती दिवसांचा?”

“जन्मभराचा,” अण्णांनी सांगितले.

बाईने अक्कांकडे नीट पाहिले आणि चुलीवरची लसणाची फोडणी बाजूला सारली. चार दिवस नीरफणस, भोपळा, ‘बोडी’ म्हणजे चवळीच्या लांब शेंगा, अळू आणि सादा रोटी असे जेवण झाले. लसणाविना चोका करावा लागला याचे दुःख तिला शेवटपर्यंत होते.

पाणी गाळून कापडावर उरलेले पाणी जेथल्या तेथे परत सोडायचे, ही रीत. नळाचे पाणी कोठून येते हे कोणी नीट सांगेना. शेवटी अक्का रोज सकाळी पेला घेऊन नदीपर्यंत चालत जाऊ लागल्या. डोंगरातले पाणी ते डोंगरातलेच, अशी त्यांनी समजूत करून घेतली.

पहिल्या रात्री कासवे पाहायला त्या गेल्या नाहीत.

कारण ऐकल्यावर अण्णाही गप्प झाले. ग्रांद रिव्हिएर हे लेदरबॅक जातीच्या कासवांचे जगातल्या सर्वांत दाट वीण-किनाऱ्यांपैकी एक. मार्च ते ऑगस्ट हा हंगाम. भराच्या काही रात्री या लहानशा पट्ट्यावर शेकडो माद्या येतात. म्हणजे पायाखालची वाळू ही वाळू नव्हेच, तो अंड्यांचा थर आहे. “चालताना मुंगी मरू नये म्हणून आपण खाली बघतो,” अक्का म्हणाल्या, “आणि हजारो जिवांच्या डोक्यावरून चालत जाऊन आपण बघणार काय? तुम्ही जा. मी इथूनच जाप करते.”

अण्णा आणि मुलगी गेले. हंगामात या किनाऱ्यावर रात्री परवान्याशिवाय आणि वाटाड्याशिवाय उतरता येत नाही. वाटाड्या गावचाच, साठीच्या घरातला, उंच, कमी बोलणारा. त्याच्या हातात लाल काच लावलेली विजेरी होती. पांढऱ्या उजेडाने कासवे बिचकतात आणि पिल्ले तर समुद्र सोडून उजेडाकडेच चालू लागतात, म्हणून विश्रामगृहांचे दिवे मालवलेले. रात्र कृष्णपक्षातली, चंद्र पहाटेशिवाय उगवणार नव्हता. समोर उत्तर दिशा. ध्रुवतारा पाण्यावर अगदी खाली, सांगलीत दिसतो त्याहूनही खाली टेकलेला. अण्णांनी तो ओळखला आणि शिक्षकी सवयीने मुलीला कारण सांगितले : या गावाचा अक्षांश जेमतेम अकरा.

परत आल्यावर त्यांनी पाहिलेले सगळे अक्कांना सांगितले; आणि अक्कांच्या शंकेचे उत्तरही ते वाटाड्याकडून घेऊन आले होते. अंडी हातभर नव्हे, दोन-अडीच फूट खोल असतात. माणसाच्या पावलाचा भार तेथपर्यंत पोहोचत नाही. तरीही वाटाडे लोकांना लाटेच्या ओल्या रेषेवरून नेतात, कारण वर येऊ लागलेली पिल्ले कोरड्या वाळूत पृष्ठभागाजवळ असू शकतात. घरट्यांचे खरे नुकसान करतात त्या पुढच्या रात्री येणाऱ्या माद्याच. जागा थोडी, कासवे फार. एक खणते तेव्हा दुसरीची अंडी उकरली जातात.

“तिला ठाऊक नसतं ना?” अक्कांनी विचारले.

“नसतं.”

“मग तिला प्रमाद लागत नाही. आपल्याला ठाऊक आहे, आपल्याला लागतो.” आणि त्या झोपल्या.

दुसरी सकाळ कठीण होती. उजाडताच किनाऱ्यावर काळी गिधाडे उतरली होती. गावात त्यांना कोर्बो म्हणतात. उकरून वर आलेली अंडी पांढऱ्या चेंडूंसारखी विखुरली होती आणि हवेत कुबट वास होता. रात्री निघायला हवी होती अशी काही पिल्ले उशिरा वर आली होती. तळहाताएवढी, काळी, पाठीवर पांढऱ्या रेषा, अंगाच्या मानाने पुढची वल्ही केवढी तरी लांब. समुद्र पंधरा-वीस पावलांवर होता, पण गिधाडे त्याहून जवळ होती.

अक्का नदीकडे निघाल्या होत्या, त्या तेथेच थांबल्या. गावातली दोन मुले बादली घेऊन धावत होती आणि पिल्ले उचलून तीत घालीत होती. वाटाड्या मागून आला. दिवसा वर आलेली पिल्ले उन्हाने आणि पक्ष्यांनी मरतात, म्हणून ती सावलीत ठेवून संध्याकाळी अंधार पडता पडता सोडतात, असे त्याने सांगितले. हजारात एखादेच मोठे होते अशी समजूत आहे. पण म्हणून उचलायचे नाही असे थोडेच आहे.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. गिधाडाच्या तोंडचा घास काढणे योग्य की नाही, हा प्रश्न मुलीने त्याच सकाळी आईला विचारला. अक्कांनी बराच वेळ उत्तर दिले नाही. मग म्हणाल्या, “मी गिधाडाला मारायला गेले असते तर चुकलं असतं. पिल्लू उचलण्यात काही चुकलं नाही.” उत्तर पुरे आहे की नाही याबद्दल अण्णांच्या मनात शंका होती; ते तसे म्हणालेही. गिधाडालाही पिल्ले असतील. अक्का म्हणाल्या, “असतील.”

बादली दिवसभर विश्रामगृहाच्या ओसरीवर ओलसर वाळू घालून झाकून ठेवली होती. आतून खसखस आवाज येत राही. अक्का जपाला बसल्या ते त्या बादलीशेजारीच.

सोडण्याची वेळ आणि जेवणाची वेळ एकच आली. साडेसहाच्या सुमारास सूर्य डोंगराआड गेला की पिल्ले सोडायची. त्याआधी अर्धा तास जेवायचे. बाईने ताटे वाढली होती. पण पाच वाजता एक कुत्रे ओसरीवर चढले, आणि मग बादलीजवळून हलायला अक्का तयार होईनात. मुलगी म्हणाली, मी बसते, तू जेवून ये. अक्का म्हणाल्या, तू जेव आधी. असे करता करता वेळ गेली. वाटाड्या आला तेव्हा उजेड काळवंडला होता.

“अगं, निदान पाणी तरी पी,” अण्णा म्हणाले.

अक्कांनी आकाशाकडे पाहिले आणि मान हलवली. जेवणही नाही आणि पाणीही नाही, उद्या सूर्योदयापर्यंत. पासष्टी ओलांडलेल्या बाईने उष्ण दमट हवेत असे करावे, हे मुलीला आवडले नाही, आणि तिचे न आवडणे चुकीचे म्हणता येणार नाही. पण अक्कांचे लक्ष तिकडे नव्हते. वाटाड्याने बादली त्यांच्या हाती दिली. तेथे वडीलधाऱ्या बाईला ‘टँटी’ म्हणतात. “टँटी, लाटेपासून थोडं अलीकडे ठेवा. चालू द्या त्यांना. उचलून पाण्यात टाकायचं नाही.”

का, ते अण्णांना ठाऊक होते : वाळूवरून स्वतः चालत गेल्याने पिल्लांना दिशा मिळते, असे मानतात. बादली आडवी होताच पिल्ले बाहेर पडली, क्षणभर थांबली आणि उजळत्या क्षितिजाकडे निघाली. एक लाट आली आणि अर्धी गेली. दुसऱ्या लाटेने दोन परत वाळूवर टाकली; ती पुन्हा वळून निघाली. एकवीस पिल्ले होती. अक्कांनी मोजली होती, वाटाड्याने नाही.

मग त्या रात्री त्या स्वतःहून किनाऱ्यावर गेल्या, ओल्या रेषेवरून, वाटाड्याच्या पावलावर पाऊल ठेवीत.

पहिले कासव त्यांना दिसले नाही, ऐकू आले. दीर्घ, जड श्वास; एखादी म्हैस पाण्यातून वर येऊन उसासा टाकते तसा. तीन-चारशे किलोचा देह वाळूवरून ओढत वर येत होता. लेदरबॅकच्या पाठीवर कवच नसते. जाड, काळी, चामड्यासारखी कातडी आणि तीवर लांबीने गेलेले सात कंगोरे. पोहण्यासाठी घडलेले हे शरीर जमिनीवर केवळ या एका कामासाठी येते. नर तर जन्मल्यावर बहुधा कधीच जमिनीला पाय लावीत नाही.

मादीने आधी अंगापुरता खळगा केला. मग मागच्या वल्ह्यांनी, एकदा उजव्या, एकदा डाव्या, ओंजळभर वाळू काढून बाजूला ठेवीत, मागे वळून न पाहता, ती विहिरीसारखा उभा खड्डा खणू लागली. वाटाड्याने लाल उजेड मागच्या बाजूने धरला. अंडी पडू लागली तसे त्याने जवळ यायला सांगितले. या वेळी ती कशालाच बिचकत नाही. ऐंशीच्या आसपास मोठी अंडी, शेवटी काही लहान, बलक नसलेली. साठ-एक दिवसांनी पिल्ले निघतील. वाळू अधिक तापली तर माद्या जास्त, कमी तापली तर नर. एका हंगामात ती दहा-दहा दिवसांच्या अंतराने अनेकदा येते आणि मग दोन-तीन वर्षे येत नाही.

तिच्या डोळ्यांतून चिकट पाणी ओघळत होते. शरीरातले जादा मीठ बाहेर टाकण्याची ती सोय आहे, असे अण्णांनी हलक्या आवाजात सांगितले.

“असू दे,” अक्का म्हणाल्या.

येथून ही कासवे जातात कोठे? काही थेट उत्तरेला, कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांताच्या थंड समुद्रात, जेलीफिश खाण्यासाठी. तेथे खूण बांधलेली कासवे त्रिनिदादच्या वाळूवर सापडली आहेत. सरळ रेषेतही हे अंतर चार हजार किलोमीटरच्या घरात जाते. वाटेत ती हजार मीटरहून खोल बुड्या मारू शकतात. मुलीला हे ऐकून गंमत वाटली : टोरांटोहून आपण विमानाने आलो, ही त्याच देशाच्या पाण्यातून पोहत आली.

तिसरा दिवस चतुर्दशीचा. अक्कांचे एकाशन होते. दुपारी जेवण झाल्यावर वाटाड्या ओसरीवर टेकला. तो फार बोलणारा नव्हे, पण अक्कांनी मुलीकरवी त्याला सरळच विचारले, हे काम कधीपासून?

त्याने लपवले नाही. लहानपणी तो बापाबरोबर याच किनाऱ्यावर कोयता घेऊन येत असे. मांस विकले जाई, अंडी घरात खाल्ली जात. सगळेच करीत. दक्षिणेकडे मातुराचा किनारा १९९० मध्ये संरक्षित झाला आणि तेथल्या गावकऱ्यांनी ‘नेचर सीकर्स’ ही संस्था काढून रात्रीचा पहारा सुरू केला. ग्रांद रिव्हिएरचा किनारा १९९७ मध्ये संरक्षित झाला. तरी हंगामाबाहेर कासव पकडायला कायद्याची मोकळीक राहिलीच होती; ती २०११ साली बंद झाली. गावात वाटाड्यांची संघटना झाली, पाहुणे येऊ लागले, घरांत पैसा येऊ लागला.

“म्हणजे पैशासाठी सोडलंत?” अण्णांनी विचारले. प्रश्न जरा उघडा होता.

वाटाड्याने विचार केला. आधी कायद्याच्या भीतीने सोडले, मग पाहुण्यांच्या पैशासाठी. नंतर कधीतरी असे झाले की पैसे मिळाले नसते तरी हात उचलला नसता. ते नेमके केव्हा, हे त्याला सांगता येईना. मासे तो अजून खातो, कोंबडीही. त्याचा भाऊ मच्छीमार आहे. किनाऱ्यावर कासव जपायचे आणि खोल पाण्यात भावाच्या जाळ्यात तेच कासव अडकून बुडायचे, हा घरातलाच पेच. कासवाला श्वासासाठी वर यावे लागते. जाळ्यात ते गुदमरते. भावाचे जाळे फाटते ते वेगळेच; त्याचाही हंगाम बुडतो. अलीकडच्या वर्षांत कासवे कमी होत चालली आहेत, ती बरीचशी अशीच.

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली. २०१२ साली नदीने पात्र बदलले आणि ती किनाराच खाऊ लागली. सरकारी कामाची यंत्रे जुलैत, पिल्ले बाहेर पडण्याच्या ऐन दिवसांत, नदी वळवायला आली. किती अंडी आणि पिल्ले चिरडली गेली याच्या आकड्यांवर पुढे वाद झाले. तो त्या वाळूवर होता, त्याने आकडा सांगितला नाही.

अक्कांनी मग त्याला मातंगाची कथा सांगितली. पाठशाळेत अहिंसाणुव्रतासाठी त्या हीच सांगत आल्या होत्या. यमपाल नावाचा चांडाळ, राजाचा वध करणारा नोकर. एका मुनींच्या उपकारामुळे त्याने व्रत घेतले : चतुर्दशीला जीव मारायचा नाही. राजाने राज्यात अभय पुकारले असता राजपुत्रानेच मेंढा मारून खाल्ला. राजाने त्याला मृत्युदंड दिला, आणि तो दिवस नेमका चतुर्दशीचा निघाला. यमपालाने नकार दिला. दोघांनाही मगरींच्या डोहात टाकले. राजपुत्र गेला आणि यमपालाला देवांनी उचलून धरले.

मुलगी वाक्यावाक्याने भाषांतर करीत होती. स्वयंपाकाची बाईही दारात येऊन उभी राहिली होती. वाटाड्याने शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, “मग दुसऱ्या दिवशी त्याने काय केलं? नोकरी तीच होती ना?”

अक्का गप्प राहिल्या. इतक्या वर्षांत पाठशाळेतल्या एकाही मुलाने हे विचारले नव्हते. “मी ऐकलेल्या कथेत ते नाही,” असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. वाटाड्या हसला आणि विजेरीतली बॅटरी बदलू लागला.

३० मे ही तेथे सुट्टी. हिंदी लोकांच्या आगमनाचा तो दिवस. पोर्ट ऑफ स्पेनकडून गाड्या आल्या आणि गावाचा एकांत दुपारपर्यंत गेला. परवाने असले तरी माणसे माणसेच. कोणाचे मूल ओरडले, कोणी विजेरी पांढरी करून पाहिली. वाटाड्याचा आवाज त्या रात्री पहिल्यांदा चढला. अण्णा-अक्का ओसरीवरच बसून राहिले. एकांताच्या ओढीने येणाऱ्यांनीच एकांत मोडतो, आणि त्यांत आपणही आलोच, असे अण्णांचे म्हणणे पडले. पण पाहुणे आले नसते तर कोयते पुन्हा निघाले असते, हेही त्यांनीच म्हटले.

एक्केचाळीस वर्षे सांगलीत राहून रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला आपण कधी गेलो नाही, हे त्या ओसरीवर निघाले. तेथे ऑलिव्ह रिडले जातीची कासवे येतात. लेदरबॅकपुढे लहानच, पण कासवेच. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या मदतीने तेथली घरटी राखली. पिल्ले समुद्रात जाताना पाहायला आता लोक मुद्दाम जातात आणि गावकऱ्यांच्या घरी उतरतात.

३१ तारखेच्या सकाळी अक्का शेवटचा पेला घेऊन नदीवर गेल्या. पहाटे उशिरा आलेली एक मादी अजून वाळूत होती. उजेडात तिची काळी पाठ आणि तीवरचे पांढरे ठिपके स्पष्ट दिसत होते. ती समुद्राकडे सरकत होती, चार वल्ही मारून थांबत, पुन्हा चार मारीत. मागे ट्रॅक्टरच्या चाकासारखा रुंद माग उमटत होता. अक्का अंतर ठेवून तिच्या बरोबरीने चालल्या. पाणी अंगावर आल्यावर तो अवजड देह एकदम हलका झाला आणि दिसेनासा झाला.

बाईने वाटेसाठी सादा रोटी आणि लसणाविना केलेला टोमॅटोचा चोका केळीच्या पानात बांधून दिला. गाडी तोकोला वळली तेव्हा अक्कांनी विचारले, “अहो, वेळासची पिल्लं कधी निघतात?”

“मार्च-एप्रिल.”

“तेव्हा सूर्य किती वाजता मावळतो तिथे?”

अण्णांनी पावणेसात सांगितले. अक्कांनी मनाशी काही हिशेब केला आणि म्हणाल्या, “मग साडेपाचला जेवून घेऊ.”